धूळपेरणीच्या आधी

गुनुंगकिदुल, जावा, 13 ऑक्टोबर

चि. भीम यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, जपानात तीन वर्षं झाली की पुढं आणखी दोन वाढवून मिळतात म्हणे. मी विचारलं, मग? तर म्हणालास, "बघू." गाईला पाणी दाखवायचंय असं सांगून मी फोन ठेवला. पाणी तुझ्या बापाकनी मघाशीच दाखवलं होतं. असो. त्या विषयावर मला काही लिहायचं नाही. इकडची खबर कळवावी म्हणून हे पत्र.

टाकी ऑगस्टमध्येच तळाला गेली. परवा तिसरा टँकर घेतला, पाच हजार लिटरचा. टाकी कितपत भरली ते बघायला बापाक काठी घालत होते, तेव्हा ड्रायव्हर विचारत होता, "बिमो कुठाय?" जपानला, म्हटलं, शेती करायला. तो हसायला लागला. मलाही हसू आलं. इथली शेती परवडत नाही म्हणून इबाराकीला जाऊन दुसऱ्याचे कोबी काढायचे! तुझ्या आजीला, म्हाताऱ्या म्बाहला मात्र हे अजून पटत नाही. जपानमध्ये माणसं नाहीत का, असं रोज एकदा तरी विचारते.

तळं पार आटलंय. पोरं त्यात फुटबॉल खेळतात. वैरण क्लातेनहून येते, भाताचा पेंढा, त्याचाही भाव चढलाय. डोंगरातली माकडं आता दिवसाढवळ्या उतरून सिंगकोंगचे कंद उपटतात. तुझी बेचकी बापाकनी काढली, पण नेम पूर्वीसारखा राहिला नाही. उजवा खांदा धरतो. हे तुला सांगायचं नव्हतं. औषध चालू आहे.

त्यांनी कालपासून ङावू-आवूचा घोष लावलाय. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत भात टोकून मोकळं व्हायचं. तुला ठाऊकच आहे, पण मी या घरात आले तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की आवू म्हणजे राख, आणि मी ओट्यावर बसून खूप हसले होते. आमच्या आटपाडीत याच पेरणीला धूळपेरणी म्हणतात. इतका समुद्र ओलांडून आले ती धुळीतून राखेत! निघताना आप्पांनी एकच विचारलं होतं, "तिथं पाणी हाय का?" मी म्हटलं, आप्पा, जावा आहे ती, तिथं बारा महिने हिरवं असतं. तुझ्या बापानं पुण्यात असताना मला मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याचे फोटो दाखवले होते, पाटाच्या पाण्यावरच्या भाताचे. लबाडी नव्हती, ते त्याच्या मावशीचं गाव होतं. आपल्या चुनखडीच्या डोंगरात पाऊस पडतो, पण टिकत नाही, सगळा खाली गडप होतो. खाली नद्या वाहतात आणि वर आपण टँकर मोजतो. आप्पांना मी हे पुढं कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

गेल्या साली पुढं काठीनं भोकं पाडत तू चालला होतास, मागं बी टाकत मी. यंदा पुढं ते, मागं मी. म्हणजे खांदा धरलेला माणूस पुढं. बघू, तोवर बरा होईल. हा "बघू" माझा आहे, तुझा नव्हे.

रोंडाच्या गस्तीची तुझी मंगळवारची पाळी बापाक करतात. रात्री घरोघरचे जिंपितानचे डबे रिकामे करत फिरायचं, मूठमूठ तांदूळ गोळा करायचे, चौकीत कॉफी पीत बसायचं. त्यांना ते आवडतंही. पण आपल्या आळीत, आरटीत, पंचविशीच्या आतली चारच पोरं उरलीत, बाकी सगळे जाकार्ता, बाताम नाहीतर तैवान. आळीचे प्रमुख, पाक आरटी, यादीवर तुझं नाव खोडायला निघाले होते. मी म्हटलं, असू द्या.

आता काम सांगते. पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, मालक मागेल तरी नाही, त्याला तसा हक्क नाही. जादा तासांचा हिशेब स्वतःच्या वहीत लिही. पहाटे शेतात जाताना आत बनियन घाल. बरोबरच्या पोरांना पैसे उसने देऊ नकोस, आणि इकडे सगळा पगार पाठवू नकोस. गाय विकली ती विकली, त्याची परतफेड करायची असं डोक्यात घेऊ नकोस. कर्ज आमचं आहे. ज्यानं आपली जमीन सोडली त्यानं निदान आपलं शरीर तरी...

हे खोडायला हवं होतं. तू जमीन सोडली नाहीस, पोट भरायला गेलास. माफ कर. समोर नसलास की मला भाषणं सुचतात.

तुझा तो फोटो, टोपी घालून कोबीच्या सरीत उभा असलेला, मी अरिसानच्या भिशीला सगळ्या बायकांना दाखवला. दोनदा. मालक तुझ्यावर खूश आहे हेही सांगितलं. तसं तू म्हणाला नव्हतास, पण असेलच.

2006 च्या भूकंपात तू तीन महिन्यांचा होतास. 27 मे, शनिवार, पहाटे सहाला सात मिनिटं कमी. तुला छातीशी धरून मी पडवीतून उडी टाकली आणि मागं न्हाणीची भिंत बसली. बांतुलकडं तर गावंच्या गावं झोपली, साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. आपलं घर साम्बातानानं पुन्हा उभं राहिलं. रोज वीस-पंचवीस माणसं यायची, मजुरी नाही, नुसता चहा आणि सिंगकोंगच्या पिठाचं तिवूल. वाशांसाठी तुझ्या आजोबांनी, म्बाह काकुंगनी, आपली दोन सागाची झाडं तोडली. तुझ्या डोक्यावर होतं ते छप्पर त्याच सागाचं. आप्पांचा फोन लागला चौथ्या दिवशी. म्हणाले, "पोराला घेऊन परत ये." मी म्हटलं, बघू. मग दरवर्षी बघू. तिकिटाचे पैसे जमले की कधी गाय आजारी, कधी शाळेची फी. ते गेले तेव्हा मी पोचले ती दहाव्याला.

म्हणून नव्हे हं. तुझ्यावर ओझं टाकायला लिहिलं नाही.

राहिलेल्या गाईला कालवड झाली. बापाक म्हणतात, ही विकायची नाही. मी हिशेब केला, तू येशील तोवर ती पहिल्यांदा व्यायला टेकलेली असेल. आणखी दोन वर्षं वाढवलीस तर दोनदा व्यायलेली. तिला नाव तूच सुचव, पण फोनवर नको, लिहून पाठव.

बाहेर ठोका वाजतोय, रोंडाची माणसं निघाली. डब्यात तांदूळ टाकायचे राहिलेत.

तुझी
आई