निर्णय वॉचमनचा!

महोदय,

माझी दृष्टिहीन भाची दिवाळीला लंडनहून आली, पण तिची वाटाड्या लॅब्रेडॉर तिकडेच ठेवून. इथे कुणीकुणी अडवलं असतं, याचा हिशेब तिनं आधीच केला होता. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार टॅक्सीवाल्याला असा कुत्रा नाकारता येत नाही, जादा भाडंही घेता येत नाही. दंड १,००० पौंडांपर्यंत. वैद्यकीय कारण असलेल्या चालकाला सूट मिळते, पण रीतसर प्रमाणपत्र घेऊनच. (तरी कुत्री दिसताच टॅक्सी पुढे पळवणारे तिकडेही भेटतात म्हणे!)

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आहे, पण अशा कुत्र्याचा साधा उल्लेख नाही. मग हॉटेलच्या दारात निर्णय घेतो वॉचमन. त्याला काय ठाऊक, की पाठीवरच्या पट्ट्याची कडक मूठ मालकिणीच्या हातात आली की ही कुत्री टेबलाखाली पडलेल्या पोळीकडेही ढुंकून बघत नाही? राज्य सरकारनं नियमांत निदान एक स्पष्ट ओळ घालावी आणि ती हॉटेलं, दवाखाने, रिक्षा संघटनांपर्यंत पोचवावी. पुढच्या दिवाळीला दोघी येणार आहेत.

– एक वाचक, डोंबिवली