आमच्या चेकर (ड्रॉइंग तपासणाऱ्या) मॅडमना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

पदवी नसताना मला कॅड ड्राफ्ट्समन, म्हणजे संगणकावर तांत्रिक ड्रॉइंग काढणारा, म्हणून नोकरी मिळाली, ती टिकली आणि पुढे तिच्याहून बऱ्या जागी जाताही आले, यात आपला वाटा किती आहे हे आपल्याला खासगीत सांगून माझे समाधान होणार नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. माझ्यासारख्या स्थितीत असलेल्या इतरांनाही आपण नेमके काय सांगितलेत ते कळावे, हाही हेतू त्यात आहे.

आपली मदत शिफारशीची नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. आपण कोणाला फोन केला नाहीत की कोठे माझे नाव सुचवले नाहीत. अर्जांच्या पहिल्याच चाळणीत माझे नाव का गळते, हे मात्र आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. ‘ऑटोकॅड येते’ हे वाक्य प्रत्येकाच्याच अर्जात असते. पदवीधराच्या अर्जात ते खपून जाते, कारण उरलेले त्याची पदवी सांगते, आणि ज्याच्याकडे पदवी नाही त्याच्या अर्जात ते जवळपास काहीच सांगत नाही. वर्कशॉपमधल्या माणसाला एकही प्रश्न न विचारता ज्यावरून वस्तू बनवता येईल असे ड्रॉइंग तुम्ही काढता, एवढे दाखवा, बाकीचे नंतर पाहू, असे आपले म्हणणे होते.

ते दाखवायचे कसे, हे आपण एका बेअरिंग हाउसिंगवर, म्हणजे फिरता दांडा पेलणारे बेअरिंग ज्याच्या भोकात बसते त्या भागावर, शिकवलेत, आणि तो भाग येथे सविस्तर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. हाउसिंग कॅलिपरने मोजून मी कागदावर उतरवायला घेतले, तेव्हा रेघ मारण्यापूर्वीच आपण विचारलेत की, भोकावर नुसते ५२ लिहिले तर काय होईल? टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत, आयएसओ २७६८ या सर्वसाधारण मुभांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा मध्यम वर्ग लिहिलेला असेल, तर त्या मापाला उणे-अधिक ०.३ मिलिमीटरची मुभा मिळते. भोक ५१.७ चे झाले तर बेअरिंग आत जाणार नाही आणि ५२.३ चे झाले तर ते आत खुळखुळेल, तरीही ड्रॉइंगच्या हिशेबाने दोन्ही वस्तू बरोबरच ठरतील! तेथे एच७ हा भोकासाठीचा काटेकोर मुभेचा वर्ग लिहिला की मुभा शून्य ते अधिक ०.०३० एवढीच राहते. त्यानंतर आपण पुढे नेलेत: भोकाचे अंतर कोणत्या पृष्ठभागापासून द्यायचे, म्हणजे हाउसिंग यंत्रावर ज्या तळावर बसणार त्याच तळापासून, एक माप दोन ठिकाणी का लिहायचे नाही, आतला न दिसणारा भाग दाखवणाऱ्या तुटक रेषेवर माप देण्याऐवजी छेद (वस्तू कापल्यासारखे दृश्य) का काढायचा, आणि प्रक्षेपण, म्हणजे वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याची पद्धत, पहिल्या कोनातले आहे की तिसऱ्या, याचे चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये नसेल तर वस्तू उलटी बनण्याची शक्यता कशी राहते. सॉफ्टवेअरच्या वर्गात या कमांडा सगळ्या शिकवल्या जातात, पण ही विचारपूस कोणी शिकवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या हाउसिंगमधूनच माझा पोर्टफोलिओ उभा राहिला. चकचकीत रंगीत चित्रे भरण्याऐवजी मोजकेच कागद ठेवा, असे आपण सांगितलेत: एक सुटा भाग, एक जुळणीचे ड्रॉइंग त्याच्या पार्ट लिस्टसह, पत्र्याचा एक भाग उलगडलेल्या आकारासह, आणि एक असा कागद की ज्यात ‘ए’ रिव्हिजनचा ‘बी’ झालेला दिसतो, काय बदलले आणि का बदलले याच्या नोंदीसह. शेवटच्या कागदाचे महत्त्व मला मुलाखतीत कळले. समोरच्या गृहस्थांनी बाकीचे भराभर उलटले आणि त्या एका कागदावर बराच वेळ प्रश्न विचारले, कारण ड्राफ्ट्समनचा रोजचा वेळ नवे काढण्यापेक्षा जुने सुधारण्यातच जास्त जातो. मूळ फाइलही सोबत द्यावी, हा आपला आग्रहही योग्यच होता. लेअरना (फाइलमधल्या रेषांच्या थरांना) नीट नावे आहेत का, एखादे माप हाताने खोटे टाइप केलेले तर नाही, हे तपासणारा माणूस फाइल उघडल्याबरोबर ओळखतो.

अर्ज कोठे करावा, याबद्दल आपण थोडक्यात पण मोलाचे सांगितलेत. जेथे अर्ज वाचणारा आणि ड्रॉइंग वापरणारा एकच माणूस असतो अशी लहान फॅब्रिकेशनची कामे, लाल पेन्सिलीच्या खुणांवरून ड्रॉइंग दुरुस्त करण्याची कामे, जुनी कागदी ड्रॉइंग कॅडमध्ये उतरवण्याची कामे आणि प्रत्यक्ष बांधकाम झाल्यावर ‘जसे बांधले तसे’ नकाशे काढण्याची कंत्राटी कामे आधी धरा, असे आपण म्हणालात. शेवटचे दोन प्रकार कंटाळवाणे आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. पण दुसऱ्यांची शेकडो ड्रॉइंग वाचल्यावर चांगले कोणते आणि वाईट कोणते हे डोळ्यांना आपोआप कळू लागते, आणि अर्जात लिहायला खरा अनुभवही मिळतो.

प्रमाणपत्रांबाबतचा आपला सल्ला मला सर्वांत प्रामाणिक वाटला. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय कॅड सॉफ्टवेअरच्या सीएसडब्ल्यूए या प्रमाणपत्र परीक्षेत प्रत्यक्ष मॉडेल करून उत्तर काढावे लागते, म्हणून ती द्यावी. तीही जाहिरातीत ते सॉफ्टवेअर मागितले असेल तरच. एकामागून एक प्रमाणपत्रे गोळा करण्यात पैसे घालू नयेत. सरावासाठी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि माप देण्याची शिस्त सॉफ्टवेअर बदलल्याने बदलत नाही. त्याचबरोबर पदवीशिवाय कोणती दारे बंद राहतील, हेही आपण लपवले नाहीत. रचनेच्या गणिताची जबाबदारी घेऊन सही करण्याचे काम पात्र अभियंत्याचे असते आणि काही मोठ्या संस्थांच्या नियमांत पदवीची अट शिथिल होतच नाही. तेथे अर्ज करून वर्षे घालवू नका, असे आपण सांगितलेत, आणि त्यामुळे माझा केवढा वेळ वाचला याचा हिशेब करता येणार नाही. ड्राफ्ट्समनवरून वरिष्ठ ड्राफ्ट्समन आणि पुढे चेकर, ही वाट मात्र खुली आहे, हे सांगायला आपण विसरला नाहीत.

आता एक विनंती. ड्रॉइंग बाहेर पाठवण्यापूर्वी तपासायच्या बाबींची जी हस्तलिखित यादी आपण मला दिलीत, ती मी अजून वापरतो, बरोबर असलेल्या मापावर पिवळी आणि बदलायच्या मापावर लाल खूण करण्याच्या आपल्या पद्धतीसह. आमच्याकडे नव्याने आलेल्या दोन मुलांना ती टाइप करून द्यावी, असे मनात आहे. त्यांच्याकडेही पदवी नाही. त्यासाठी आपली परवानगी हवी आहे. यादीत मी एकच बदल केला आहे: आयएसओ २७६८ चा दुसरा भाग मागे घेऊन २०२१ मध्ये त्या जागी आयएसओ २२०८१ आले, म्हणून भौमितिक टॉलरन्सची, म्हणजे आकार आणि स्थिती यांत चालणाऱ्या फरकाची, ओळ मी नव्याने लिहिली आहे. ती सोबत जोडत आहे. आपण लाल पेन्सिल घेऊन एकदा नजरेखालून घालावी.

आपला कृतज्ञ,
एक ड्राफ्ट्समन