पश्चिमेच्या भिंतीला विचारून रंग ठरवा

महोदय,

दसरा सरला की सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, महाबळेश्वर-पाचगणीपासून मेढा, बामणोली, तापोळा ते पार कोयनानगरपर्यंत, घरे रंगवण्याची लगबग सुरू होते. अलीकडे या वेळी दोन तऱ्हेचे मालक हमखास भेटतात. एक मोबाइलवर नॉर्वे, कॅनडाकडच्या घरांचे फोटो दाखवतो आणि म्हणतो, हवा आपलीही थंडच, मग आपल्यालाही असाच कोळशासारखा गडद रंग द्या. दुसरा सांगली-मिरजेकडच्या पाहुण्यांच्या घराचा दुधी पांढरा रंग पाहून आलेला असतो. दोघांचीही हौस खरी आणि पैसाही कष्टाचा. म्हणूनच रंगाचा डबा उघडण्यापूर्वी काही गोष्टी सगळ्यांच्या कानावर जाव्यात, यासाठी हे पत्र.

घाटमाथ्यावर बाहेरच्या भिंतीचे खरे दुखणे थंडी नव्हे, पाणी आहे. महाबळेश्वरात वर्षाला साधारण ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्यात तो १,००० च्या आसपास आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकला, घरांना बाहेरून नालीदार पत्रा मारून तो लाल, निळा, हिरवा रंगवायची जुनी रीत आहे आणि ती घरे दिसतातही देखणी. पण तिथे वर्षभरात पडतो जेमतेम ८०० मिलिमीटर पाऊस. तिथे डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजावर कसाबसा टेकतो, आपल्याकडे त्याच दिवसांत तो निम्म्या आकाशावर असतो. त्यात महाबळेश्वरची उंची १,३०० मीटरहून अधिक. दर हजार मीटर चढले की अतिनील किरणांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चार महिने झड, चार महिने दव आणि धुके, मग कडक ऊन. बर्फाच्या देशातल्या भिंतीला हे तिन्ही एकत्र सोसावे लागत नाही, त्यामुळे तिथल्या शेड कार्डावरचा, म्हणजे रंगछटांच्या तक्त्यावरचा, रंग इथे चालेल असे धरू नये.

चारही भिंतींना एकच हिशेब लावणे ही पहिली चूक. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती झड खातात आणि दुपारचे ऊनही त्यांच्याच वाट्याला येते. उत्तरेच्या भिंतीला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ऊन लागतच नाही, त्यामुळे तिथे पावसाळा संपल्यावरही ओल रेंगाळते आणि शेवाळ, काळी बुरशी तिथूनच सुरू होते. रंग पश्चिमेच्या भिंतीवर ठरवावा आणि उत्तरेच्या भिंतीवर तपासावा.

आता गडद की फिका? प्रत्येक शेडला प्रकाश परावर्तनाचा एक आकडा असतो. दुकानदार त्याला एलआरव्ही म्हणतात. शुद्ध पांढऱ्याचा तो ८५-९० च्या घरात आणि काळ्याचा ५ च्या आसपास असतो. घाटमाथ्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे: भिंतीचा मुख्य रंग २५ ते ५० या टप्प्यात घ्यावा. २० च्या खालचा गडद रंग ऊन पितो. हिवाळ्यात संध्याकाळी घर थोडे उबदार वाटते हे खरे, आणि गडद भिंत पावसानंतर लवकर सुकते हेही खरे. पण तीच भिंत एप्रिलच्या दुपारी तापते आणि रात्री झपकन गार होते. या रोजच्या ताणण्या-आकसण्याने गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगा रुंदावतात आणि जूनमध्ये पाणी तिथूनच आत शिरते. शिवाय गडद रंगावर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारा खार, पिठासारखा उठून दिसतो. ७५ च्या वरचा पांढरा किंवा क्रीम माणदेशात योग्यच आहे, तिथे ऊन परतवायचे असते. महाबळेश्वरात मात्र पहिल्या पावसाळ्यानंतर खिडकीखाली काळे ओघळ आणि जोत्यावर लाल मातीचे शिंतोडे, असे त्याचे रूप होते.

रंगद्रव्याची गोष्ट शेडच्या नावापेक्षा महत्त्वाची आहे. गेरू, पिवडी, मातकट तपकिरी, विटकरी या छटा लोहाच्या ऑक्साइडपासून येतात. उन्हाने त्या सहसा उडत नाहीत आणि नव्या गिलाव्यातल्या चुन्याच्या खाराला दाद देत नाहीत. आपल्या आज्या जोत्याला आणि ओट्याला गेरू फिरवायच्या तो हाच. स्वीडनमधली लाकडी घरे ज्या लाल रंगाने ओळखली जातात, तोही फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहयुक्त गाळाचाच. थंड देशाची नक्कल करायचीच असेल तर ही करावी. याउलट झगझगीत गुलाबी, जांभळा, नारिंगी, लिंबू पिवळा हे रंग बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांवर उभे असतात आणि पश्चिमेच्या उन्हात सर्वांत आधी तेच विटतात. बऱ्याच शेड कार्डांवर अशा छटांपुढे ‘फक्त आतील भिंतींसाठी’ अशी खूण असते, ती बारीक अक्षरे वाचावीत. दुकानातल्या टिंटिंग मशीनमधून, म्हणजे रंगद्रव्ये मिसळून छटा करणाऱ्या यंत्रातून, डबा निघाला की त्यावरच्या चिठ्ठीत कोणते रंगद्रव्य किती टाकले ते छापलेले असते. त्यातले ऑक्साइड कोणते, हे दुकानदाराला विचारायला संकोच कसला?

डब्याचा बेस, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्यापूर्वीचा मूळ रंग, तोही पाहावा. फिक्या छटा पांढऱ्या बेसमध्ये होतात. गडद छटांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे तो रंग जुन्या रंगावर नीट झाकण धरत नाही आणि दोन हातांत भागत नाही. उदाहरणार्थ, ३० फूट लांब आणि २० फूट उंच पश्चिमेची भिंत म्हणजे ६०० चौरस फूट. खडबडीत बाहेरच्या गिलाव्यावर १ लिटर इमल्शन दोन हातांत साधारण ५० चौरस फूट जाते, म्हणजे १२ लिटर रंग आणि ६ ते ७ लिटर प्रायमर. गडद बेसला तिसरा हात लागला की आणखी ६ लिटर वाढतात. अंदाजपत्रकात हा तिसरा हात लिहिलेला नसतो, मग परांचीवर उभे राहून वाद होतात किंवा पाणी वाढवून दोन हातांतच उरकले जाते. डब्यावर लिहिले असेल त्याहून एक पेलाही जास्त पाणी घालू देऊ नये. आणि सगळे डबे एका मोठ्या पिंपात ओतून एकत्र ढवळावेत. दोन वेगळ्या खेपांच्या डब्यांतला बारीक फरक भिंतीच्या मधोमध उभ्या पट्ट्यासारखा दिसतो आणि तो नंतर लपत नाही.

नमुना कसा पाहावा, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. कार्डावरचा दोन बोटांचा चौकोन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहून निवडलेला रंग मोकळ्या उजेडात भिंतीभर पसरला की एक-दोन पायऱ्या फिका आणि भडक भासतो. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी मळकट छटाही सोबत घ्यावी. दोन्हींचे १-१ लिटरचे डबे आणून पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या भिंतीवर ३ फूट बाय ३ फूट तुकडे, प्रायमरसकट दोन हात मारून, रंगवावेत. जुन्या रंगाला चिकटून पाहू नये, भोवती वीतभर पांढरी चौकट सोडावी, नाहीतर शेजारच्या रंगाने डोळा फसतो. मग सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि धुके उतरल्यावर पाहावे. धुक्याचा उजेड निळसर असतो. त्यात करडा रंग निळा दिसतो, क्रीम मळका दिसतो आणि गेरूची छटा मात्र ऊब धरून राहते. शेवटी त्या तुकड्यावर बादलीभर पाणी मारून तो ओला असतानाही पाहावा, कारण वर्षातले चार महिने तुमचे घर त्याच रूपात उभे असणार आहे.

जोत्यापासून अडीच-तीन फूट उंचीपर्यंत वेगळा पट्टा घ्यावाच. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून लाल माती तेवढी उडते. हा पट्टा आपल्या अंगणातल्या मातीच्या रंगाचा ठेवावा. ओल्या मातीची मूठ दुकानात नेऊन शेड जुळवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. हिरवा रंग दिला की शेवाळ दिसत नाही, हा युक्तिवाद मात्र पटणारा नाही. शेवाळ दिसत नाही म्हणून कोणी ते काढत नाही आणि त्याखाली ओल धरून रंगाचे पोपडे निघतात.

जांभ्याच्या भिंतींना रंग लावूच नये. जांभा सच्छिद्र असतो, आत गेलेले पाणी तो पृष्ठभागावरूनच बाहेर टाकतो. त्यावर ऑइल पेंट चढवला की पाणी आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटतो. सांधे चुन्याने भरून घ्यावेत, फार तर पाणी झटकणारे सिलेन-सिलोक्सेनचे पारदर्शक द्रावण मारावे. जांभ्याइतका या मातीला शोभणारा दुसरा रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही.

पूर्वी पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला गवताचे तट्टे बांधत. त्यांतून हवा खेळायची. आता निळी ताडपत्री किंवा कायमचा पत्रा आला. ताडपत्री भिंतीला घट्ट चिकटवून बांधली तर आतली ओल अडकते आणि दसऱ्याला उघडल्यावर रंग शेवाळलेला सापडतो. पत्रा मारायचा असेल तर कलर कोटेड घ्यावा, पण भिंत आणि पत्रा यांत किमान १ इंच पोकळी ठेवून ती वर-खाली जाळीसह मोकळी सोडावी. पत्र्यांचा एकमेकांवरचा चढाव नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून ठेवू नये, पाणी सरळ फटीत ढकलले जाते. पत्रा ग्राइंडरने कापू नये. ठिणग्यांनी लेप जळतो आणि उडालेला लोखंडी कीस पहिल्याच दवात गंजून पत्रा तांबूस ठिपक्यांनी भरतो. कात्रीने कापावा आणि ड्रिलचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा. पत्र्याला फार गडद रंग नको. तो तापून सरकतो, स्क्रूची भोके मोठी होतात आणि रबरी वायसर लवकर चिरतात. मध्यम राखाडी किंवा मातकट हिरवा पत्रा झाडीत मिसळूनही जातो.

कितीही विचाराने निवडलेला रंग ओल्या भिंतीवर टिकत नाही. शेवाळ आधी कोरड्या ब्रशने खरवडावे. १० लिटर पाण्यात साधारण ५०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून वरचे निवळ पाणी भिंतीला लावावे, २० मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ब्लीचिंगमध्ये ॲसिड चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर ती काढून घ्यावी, कारण काळे ओघळ तिच्या अभावानेच पडतात. बाहेरच्या पूर्ण भिंतीला पुट्टी मारून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, या पावसात ती पापुद्र्यासारखी सुटते. फक्त भेगा भराव्यात. नव्या गिलाव्याला २८ दिवस तरी द्यावेत. भिंत सुकली का, हे पाहायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवावा. आतून थेंब धरले तर थांबावे. गच्ची किंवा तिच्या कठड्यातून (पॅरापेट) पाझर असेल तर तो आधी बंद करावा, नाहीतर वरचा जाड वॉटरप्रूफ रंग फुग्यांनी भरतो.

दिवाळीपूर्वीच रंग व्हावा हा हट्ट साताऱ्यात, वाईत चालून जातो. महाबळेश्वर-तापोळ्यात भिंत तोवर सुकलेलीच नसते. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दव गोठते. अशा गारठ्यात इमल्शनचा थर नीट जमत नाही, आणि दुपारी चारनंतर मारलेल्या हातावर दव पडले की चिकट, पांढरट ओघळ उतरतात. गडद रंगावर ते जास्त दिसतात. या दिवसांत काम करावेच लागले तर सकाळी अकराला भिंत कोरडी झाल्यावर सुरू करून तीनपर्यंत आटोपावे आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. खरा चांगला काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत.

रंगविक्रेत्यांना आणि ठेकेदारांना एक विनंती आहे. अंदाजपत्रकात शेडचा क्रमांक, एलआरव्ही, बेस, हातांची संख्या आणि नमुन्याच्या तुकड्याचा खर्च लिहून द्यावा. या पाच ओळींना पाच मिनिटेही लागत नाहीत. मालकांनी टिंटिंगची चिठ्ठी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी आणि त्याच पिंपातला १ लिटर रंग झाकण घट्ट बसवून घरात, थंडीपासून लांब ठेवावा. पुढच्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर तो लागतोच.

– घरबांधणी व रंगकाम व्यवसायातील काही वाचक, मेढा (जि. सातारा)