दिवा साडेदहापर्यंत

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पैसे मिळाले. वाचनालयाच्या दारावर आबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची म्हणतेस, ते वाचून आईचे आणि माझे दोघांचेही डोळे भरून आले. पण पाटी नको. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आबांना वाचता येत नव्हतं हे तुला माहीत आहे. तरी ते रोज वाचनालयात जायचे, हे मी तुला कधी सांगितलं नसेल. अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून सुटले की घरी डबा टेकवायचा आणि सायकल तिकडे. दारालगतच्या बाकावर कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचं, बाकीचे ऐकायचे. रेशन, महागाई भत्ता, कुठं भरती निघाली, गावाकडं पाऊस झाला का. मी चौथीत गेलो तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. जोडाक्षराला अडखळलो की आबा मान खाली घालून वाट बघायचे. शब्द बरोबर आला की शेजाऱ्याकडे बघायचे. पुढं मला फॅक्टरीत पहिला पगार मिळाला, तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा तसा फुलला नव्हता.

खडकीत फॅक्टरी आली १८६९ साली. तिच्या भोवतीनं कामगार राहिले, रेल्वेवाले आले, बोपोडी-दापोडीपर्यंत वस्ती भरली. तिकडं पुणे शहरात नगर वाचन मंदिर १८४८ पासूनच होतं. त्याच वर्षी फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. मला मात्र १८५५ साल जास्त जवळचं वाटतं. त्या साली जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. दिवस ज्याचा मालकाकडे गहाण, त्याला शिकायला रात्रच उरते.

आणि आपलं वाचनालय साडेआठला बंद होतं.

मी निवृत्तीनंतर कार्यकारिणीत आलो, तेव्हापासून रोज कुलूप लावायला थांबतो. औंधला चार घरी पोळ्या करून एक मुलगी पावणेआठला अभ्यासिकेत येते. पोलीस भरतीची तयारी करते. गणिताचं पुस्तक उघडून जरा लय लागते, तोवर मी दिवे मालवायला उठतो. ती काही बोलत नाही, वहीत खूण घालते आणि चपला शोधते. पार्सलं पोचवणारी दोन पोरं आहेत, ती आठच्या आधी कधीच येऊ शकत नाहीत. तू म्हणालीस, आता सगळं फोनवर मिळतं. मिळतं गं, त्या मुलीकडेही फोन आहे. घरी दहा बाय दहाची खोली आहे, टीव्ही चालू, धाकटी भावंडं, आजारी आजी. तिला हवंय एक टेबल आणि जरा शांतता.

सरकार देत नाही का, असंही विचारलंस. देतं. पण आपल्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात तमिळनाडूसारखा ग्रंथालय उपकर, म्हणजे वाचनालयांसाठी म्हणून वेगळा घेतला जाणारा कर, नाही. वाचनालय संस्थेनं चालवायचं आणि सरकारनं अ, ब, क, ड वर्ग पाहून अनुदान द्यायचं, अशी पद्धत आहे. त्यात पुस्तकं येतात, वर्तमानपत्रं येतात, ग्रंथपालबाईंचं तुटपुंजं मानधन निघतं. देवघेवीपासून नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीपर्यंत सगळं त्या एकट्या बघतात. त्यांना आणखी दोन तास थांबा म्हणायची माझी जीभ रेटत नाही, त्यांनाही घर आहे.

म्हणून तुझ्या पैशातून संध्याकाळी एक माणूस ठेवू दे. साडेदहापर्यंत बसेल, कुलूप लावेल. आधी मीच बसणार होतो, पण गुडघे दुखतात आणि एखाद्या रात्री मी गेलो नाही तर दार बंद राहील, ते मला नको. वर्षभराचा हिशेब मांडून पाहिला: पगार, वाढीव वीजबिल, दोन ट्यूबलाइट, आणि बाहेरच्या बोळात एक दिवा. तो बोळातला दिवा मुलींसाठी, आधी तोच लावायचा. एवढं भागून थोडे उरतात, त्यातून स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊ. सध्या एकाच पुस्तकावर चौघांचे नंबर लागलेले असतात.

येत्या सभेत मी हे मांडणार आहे. त्याआधी तुझा होकार हवा, पैसे तुझे आहेत. आई म्हणते, आबांचं नाव कुठंतरी हवंच. मग त्या जुन्या बाकाला नवी फळी मारून घेतो आणि मागच्या बाजूला त्यांचं नाव रंगवतो. चालेल का तेवढं कळव.

तुझे,
बाबा