काकूंच्या शेवटच्या दिवसांबद्दल

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर तू म्हणालास, "आईच्या तोंडी शेवटी देवाचं नाव आलं नाही रे," आणि मला काही बोलता आलं नाही. तेराव्याला कुणीतरी तुला ऐकवलं की अंतकाळी जसं चित्त तशी पुढची गती. ते तुझ्या मनात रुतून बसलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोलणाऱ्याने गीतेचाच आधार घेतला. आठव्या अध्यायात ते आहे, खरंच आहे. पण सहाव्या श्लोकाच्या शेवटी ‘सदा तद्भावभावितः’ असंही आहे, ते कुणी सांगत नाही. माणूस जन्मभर ज्या भावात मुरला, तोच शेवटी वर येतो. आणि सातव्या श्लोकात लगेच कृष्ण सांगतो, म्हणून सर्व काळ माझं स्मरण ठेव आणि लढ. सगळा भर जगण्यावर आहे. त्यातून मरणाऱ्याची तोंडी परीक्षा लोकांनी कुठून काढली कोण जाणे!

भागवतातल्या भरत राजाची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा ऐकली. हरणाच्या पाडसात जीव अडकला आणि पुढचा जन्म हरणाचा आला. कीर्तनकार तिथे थांबून आपल्याला धाक घालतात. पण गोष्ट पुढे जाते. हरणाच्या जन्मातही त्याला मागचं सगळं आठवत होतं, आणि त्यानंतर तो जडभरत झाला, राजा रहूगणाला ज्ञान सांगणारा. केलेली साधना एका शेवटच्या विचाराने पुसली गेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाबद्दल, म्हणजे साधना अर्धवट राहिलेल्या माणसाबद्दल, अर्जुनाला हीच भीती वाटते, आणि कृष्ण त्याला ‘तात’ म्हणून जवळ घेत सांगतो की चांगलं करणारा कुणीही दुर्गतीला जात नाही. पुनर्जन्माची शिकवण मला पटते ती इथे. अर्धं राहिलेलं काम पुढे चालू ठेवायला मिळतं, हा तिच्यातला दिलासा आहे. तिचा दंडुका करून दुःखात असलेल्या माणसाला हाणणं मला सहन होत नाही. चोखोबांनी आपल्या जातीचं दुःख पूर्वजन्मीचं फळ म्हणून पत्करलं, पण त्यांच्याच घरात त्यांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, देवाला थेट विचारलं, ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती?’ हा प्रश्नही भक्तीतच बसतो. उलट ज्याचं देवावर प्रेम आहे, तोच असं भांडू शकतो.

पण तुला मुख्यतः सांगायचंय ते ज्ञानेश्वरीतलं. त्याच आठव्या अध्यायात तुझाच प्रश्न येतो: देह विकल झाला, इंद्रियं बधिर झाली, मग स्मरण करायचं कुणी? शके 1212 मध्ये, विशीही न ओलांडलेला तो मुलगा देवाच्या तोंडी उत्तर घालतो. मरताना त्यांनी आठवलं तरच मी यायचं असेल, तर जन्मभराच्या उपासनेला अर्थ काय? भक्तांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते फेडायला ‘भक्तांचिया तनुत्यागीं परिचर्या करीं’. त्या वेळी देव स्वतः उशाशी बसून सेवा करतो! देहाच्या विकलतेचा वारा या सुकुमाराला लागू नये म्हणून त्याला आत्मबोधाच्या पिंजऱ्यात जपतो. ही ओवी मी पूर्वीही वाचली होती. काकूंच्या आजारपणात ती मला कळली.

मला त्यांनी ओळखणं सोडलं होतं, "कुणाचा रे तू?" असं मायेने विचारायच्या. पण एका दुपारी मी बघत बसलो होतो. चादरीच्या काठाची शिवण त्यांनी बोटावर घेतली होती आणि अंगठ्याने ती इंचाइंचाने पुढे ओढत होत्या. कोपरा आला की पुढे जायच्या नाहीत, तिथूनच मागे फिरायच्या, जपमाळेतला मेरुमणी ओलांडत नाहीत तशा. माळ तर त्या चावतील म्हणून कधीच काढून ठेवली होती. मिलिंद, तुझं नावही जिथे पुसलं गेलं होतं, तिथे हे उरलं होतं. हे स्मरण नाही तर काय?

आणि त्यांना पुन्हा जन्म आलाच, तर त्यात भिण्यासारखं काय आहे? तुकोबा मुक्ती, धनसंपदा काही मागत नाहीत, संतसंग मागतात, आणि तेवढं मिळत असेल तर ‘गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी’ म्हणतात. ज्या चक्रातून सुटायला लोक रान धरतात, ते त्यांना प्रेमापोटी चालतं. काकूंना तर आषाढीची वारी मोक्षापेक्षा प्यारी होती. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय मागितलं असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एकादशीला मी तुझ्याकडे येतोय. काकूंची ज्ञानेश्वरीची प्रत काढून ठेव, आठवा अध्याय दोघं मिळून वाचू. वहिनींना नमस्कार सांग. रात्री झोप लागली नाही तर कितीही वाजता फोन कर.

तुझाच,
अविनाश