तक्रार पत्र: ‘कोणत्याही देशाचे उपकरण, कोणत्याही देशात’ हा आपल्या संचावरील दावा मागे घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: परदेशातून आणलेली घरगुती विद्युत उपकरणे वापरण्यासाठीच्या आपल्या संचावरील चुकीची माहिती, त्यामुळे झालेले नुकसान आणि आगीचा धोका

महोदय,

१२० व्होल्टच्या देशातून २३० व्होल्टच्या देशात राहायला जाणाऱ्यांसाठी आपण विकता तो संच आम्ही घेतला. त्यात दोन पिन-अडॅप्टर, ‘२००० वॉट’ असे छापलेला कन्व्हर्टर, चपट्या पिनांचा सहा सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड आणि एक माहितीपत्रक आहे. पावतीची प्रत, चारही वस्तूंचे फोटो आणि आम्ही घेतलेली मोजमापे सोबत जोडली आहेत. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणेच सगळे जोडले, आणि ९० वॉटच्या गेम कन्सोलच्या पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, फुटला. आपल्या ग्राहक सेवेने ‘वापर चुकला’ असे उत्तर दिले. वापर चुकलेला नाही, माहितीपत्रक चुकले आहे. कुठे आणि का, ते खाली लिहिले आहे.

सुरुवात कन्व्हर्टरपासून. त्यावर एक खटका आहे: एका बाजूला ‘५० वॉटपर्यंत’, दुसऱ्या बाजूला ‘५० ते २००० वॉट’. माहितीपत्रक म्हणते, उपकरणाच्या मागचा वॉटचा आकडा पाहा आणि खटका त्या बाजूला करा. एवढेच. या दोन बाजूंना डब्याच्या आत दोन संपूर्ण वेगळी यंत्रे आहेत, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. ५० वॉटच्या बाजूला छोटा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो १२० व्होल्टचा खरा, गोलाईदार साइन वेव्ह देतो. २००० वॉटच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर नाहीच. असणे शक्यही नाही, कारण अख्खा डबा अर्धा किलोसुद्धा भरत नाही आणि २००० वॉटचा लोखंडी गाभा त्यात मावणार नाही. तिथे ट्रायॅक, म्हणजे वीज क्षणात अडवणारा-सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. तो २३० व्होल्टच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा सुरुवातीचा भाग अडवून ठेवतो आणि उरलेली शेपटी तेवढी पुढे सोडतो.

हिशेब सरळ आहे. २३० व्होल्टच्या वेव्हचे शिखर ३२५ व्होल्ट असते. त्यातून १२० व्होल्टइतकी उष्णता निघावी म्हणून ट्रायॅकला अर्ध्या आवर्तनाच्या १८० अंशांपैकी साधारण १११ अंशांवर उघडावे लागते. त्या क्षणी व्होल्टेज ३०० च्या आसपास असते. इस्त्रीच्या कॉइलला याचे काही वाटत नाही, तिला सरासरी उष्णतेशी काम. पण इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायमधला कपॅसिटर सरासरी पाहत नाही, तो शिखरापर्यंत चार्ज होतो. १२० व्होल्टच्या खऱ्या वेव्हचे शिखर १७० व्होल्ट असते, म्हणून फक्त त्या व्होल्टेजसाठी बनवलेल्या उपकरणात बहुधा २०० व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. त्याला ३०० व्होल्ट मिळाले की तो फुगतो, गळतो किंवा फुटतो. ९० वॉट हा आकडा ५० पेक्षा मोठा, म्हणून आपल्या माहितीपत्रकाने ते उपकरण ट्रायॅकच्या बाजूला पाठवले. खटका वॉटवरून नव्हे, उपकरणाच्या जातीवरून निवडायला हवा: फक्त तापणारे उपकरण ट्रायॅकवर, बाकी काहीही नाही. हे एक वाक्य छापले असते तर नुकसान टळले असते.

‘तापणारे’ या शब्दातही खाच आहे. साधी इस्त्री चालेल. पण आकडे दाखवणारा राइस कुकर, घड्याळ असलेला कॉफी मेकर, तापमान पडद्यावर दाखवणारा हेअर स्ट्रेटनर यांत कॉइलच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक सर्किटही असते आणि ते याच मार्गाने जळते. आपल्या पत्रकातल्या ‘चालणाऱ्या’ उपकरणांच्या चित्रांत यातली दोन आहेत. पंखाही आहे. पंख्याच्या इंडक्शन मोटरला असा तुटका वेव्ह मानवत नाही, ती गुरगुरते आणि तापत राहते.

ग्राहक सेवेने आम्हाला ‘मल्टिमीटरने आउटपुट मोजून पाहा’ असेही सुचवले. हा सल्ला कृपया पुन्हा कोणाला देऊ नका. साधा मीटर सरासरी मोजतो आणि वेव्ह साइन आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतो. या तुटक्या वेव्हवर तो सत्तरीच्या आसपास थांबतो. ग्राहकाला वाटते व्होल्टेज कमी आहे, म्हणजे निदान धोका नाही. प्रत्यक्षात त्याच क्षणी उपकरणाला ३०० व्होल्टचे शिखर बसत असते. खरा आरएमएस, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने येणारे व्होल्टेज, मोजणारा मीटर १२० दाखवेल, पण शिखर त्यालाही सहसा दिसत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे वेव्हचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र, लागते. त्यावरील वेव्हचा फोटो जोडला आहे.

यापेक्षाही जास्त काळजी आम्हाला एक्स्टेंशन बोर्डाची वाटते. पत्रक म्हणते, ‘लॅपटॉप, मोबाइल आणि कॅमेऱ्याचे चार्जर २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे बोर्ड अडॅप्टरमधून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.’ चार्जरपुरते हे खरे आहे. पण त्याच बोर्डाच्या पोटाशी ‘१२५ व्होल्ट, १५ अँपिअर’ असे कोरलेले आहे आणि वरच्या बाजूला विजेच्या झटक्यापासून संरक्षण असल्याचे लिहिले आहे. ते संरक्षण म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये बसवलेला व्हॅरिस्टर, ठरावीक व्होल्टेजच्या वर गेले की वीज वाहू देणारा भाग. बोर्ड उघडल्यावर तो १३० व्होल्टचा निघाला. असा व्हॅरिस्टर २०० व्होल्टच्या आसपास वीज वाहू द्यायला लागतो. त्याला ३२५ व्होल्टचे शिखर सेकंदाला १०० वेळा मिळाले, तर तो प्रत्येक वेळी वाहतो, तापतो आणि जळतो. भोवतीचे प्लास्टिक लगेच पेट घेऊ शकते. बोर्डाला एकही चार्जर लावलेला नसला तरी हे घडते. म्हणजे ग्राहकाने सगळे चार्जर काळजीपूर्वक तपासले, प्रत्येकावर ‘१००–२४० व्होल्ट’ वाचले, आणि आग लागली ती बोर्डाला. हा बोर्ड या संचात देणे आजच थांबवा. त्याच्या जागी २५० व्होल्टचा बोर्ड द्या किंवा बोर्डच देऊ नका.

अडॅप्टरची घडण चांगली आहे, पिना घट्ट बसतात, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण दोनपैकी एका अडॅप्टरला तीन छिद्रे आणि दोनच पिना आहेत. तिसरे छिद्र आत कुठेच जोडलेले नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (आत जोड असेल तर आवाज करणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक त्या छिद्रात आणि दुसरे बाहेरच्या प्रत्येक धातूच्या भागावर टेकवले, कुठेच आवाज आला नाही. धातूच्या बॉडीचे उपकरण, उदाहरणार्थ टोस्टर किंवा डेस्कटॉप कॉम्प्युटर, या अडॅप्टरवर विनाअर्थिंग चालते. आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो. तीन छिद्रे दिसली की अर्थिंग मिळाले असे माणूस समजणारच. छिद्र बुजवा किंवा आतून जोडा.

हाच अडॅप्टर उलटाही बसतो. चपट्या दोन पिनांपैकी रुंद पीन न्यूट्रलची असते. अडॅप्टर उलटा बसला की टेबल लॅम्पच्या होल्डरचे स्क्रूचे धातूचे कडे फेजला जोडले जाते, आणि बल्ब काढताना बोट नेमके तिथे लागते.

पत्रकातल्या जगाच्या तक्त्यात दोनच रंग आहेत: ‘११०’ आणि ‘२२०’. जपान १०० व्होल्टवर चालतो, अमेरिका आणि कॅनडा १२० वर. दोघांना ‘११०’ म्हणून एकत्र टाकल्यावर जपानी कुकर १२० व्होल्टवर लावला जातो. व्होल्टेज २० टक्के जास्त म्हणजे उष्णता ४४ टक्के जास्त, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतात. १००० वॉटची कॉइल १४४० वॉटची होते. याच नियमाने १२० व्होल्टची १२०० वॉटची इस्त्री २३० वर लागली तर तिची १२ ओहमची कॉइल १९ अँपिअर ओढते आणि ४४०० वॉट तापते. उलट दिशेने फक्त निराशा होते: २३० व्होल्टची २००० वॉटची किटली १२० वर ५४४ वॉट देते आणि एक लिटर पाण्याला सुमारे पावणेतीन मिनिटांऐवजी दहा मिनिटे लागतात. ही दुसरी बाब धोक्याची नाही, पण पत्रकात ‘किटली चालेल’ एवढेच आहे.

फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तने करते त्या हर्ट्झमधल्या आकड्याचा, तर पत्रकात उल्लेखच नाही. कन्व्हर्टर असो वा ट्रान्सफॉर्मर, तो हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झचे विजेवर वेळ मोजणारे घड्याळ ५० वर तासाला १० मिनिटे मागे पडते. सिंक्रोनस मोटरचा (विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणाऱ्या मोटरचा) रेकॉर्ड प्लेअर मिनिटाला ३३.३ ऐवजी २७.८ फेरे घेतो. हे निदान लगेच कळते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र आतला मोठा ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. ५० वर त्याच व्होल्टेजला गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्के वाढतो, गाभा भरून जातो, करंट उसळतो आणि वाइंडिंग, म्हणजे गाभ्यावरचे तारेचे वेटोळे, जळते. ‘२२०’ म्हणजे ५० हर्ट्झ असेही समजू नका: दक्षिण कोरिया, फिलिपाइन्स आणि सौदी अरेबियात व्होल्टेज २२० ते २३० आणि फ्रिक्वेन्सी ६० आहे. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिमेत ६० आहे.

आपण वेगळा विकता त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरबद्दलही थोडे लिहितो, कारण पत्रक त्याची शिफारस करते. उपकरणाचे वॉट आणि ट्रान्सफॉर्मरचे वॉट सारखे असले की पुरे, हा सल्ला अपुरा आहे. कॉइलच्या उपकरणाला सव्वापट पुरतो. फ्रिज किंवा मिक्सरसारख्या मोटरला निदान तिप्पट हवा, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. आधी ट्रान्सफॉर्मर सुरू करावा, मग उपकरण. बंद करताना उलट. काम नसताना तो भिंतीतून काढावा, रिकामा असतानाही तो तापतो आणि वीज खातो. शिवाय हा ऑटो-ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे वाइंडिंग एकच. त्यातला दोन्ही बाजूंना सामाईक भाग तुटला तर आउटपुटला २३० येऊ शकतात. हे डब्यावर लिहिलेले असायला हवे.

टीव्ही आणि कॉर्डलेस फोनची चित्रे पत्रकातून काढा. टीव्हीला वीज मिळाली तरी त्याचा ट्यूनर अमेरिकेच्या एटीएससी पद्धतीचा असेल तर युरोपातले डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण त्याला पकडता येत नाही. एचडीएमआयने बाहेरचा सेट-टॉप बॉक्स जोडावा लागतो. अमेरिकी कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, युरोपीय १८८० ते १९०० वर. दुसऱ्या देशात ती फ्रिक्वेन्सी मोबाइल कंपन्यांकडे असू शकते आणि फोन वापरणारा नकळत नियम मोडतो.

सर्वांत सोपी गोष्ट पत्रकात नाही याची आम्हाला खंत वाटते. ज्याच्या लेबलवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ आहे, त्याला आपल्या संचातले काहीच लागत नाही. मागून निघणारी वायर बदलली की झाले. आठच्या आकड्यासारखे दोन छिद्रांचे टोक असेल तर २.५ अँपिअरची, कॉम्प्युटरच्या मागे बसते तशी जाड तीन पिनांची असेल तर १० अँपिअरची, नव्या देशाचा पक्का प्लग असलेली वायर घ्यावी. अडॅप्टर नको, सैल जोड नको, अर्थिंगही टिकते. जुन्या डेस्कटॉपच्या मागे मात्र ११५/२३० चा छोटा लाल खटका असू शकतो. तो प्लग लावण्याआधी २३० वर सरकवायचा. ११५ वर राहिला तर आतले सर्किट व्होल्टेज दुप्पट करते आणि कपॅसिटरच्या जोडीवर ६५० व्होल्ट येतात.

आमच्या मागण्या अशा आहेत. संचाची पूर्ण किंमत परत करावी आणि पॉवर सप्लायच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा, बिल जोडले आहे. १२५ व्होल्टच्या बोर्डाची विक्री तात्काळ थांबवून, ज्यांनी तो घेतला त्या सर्वांना तो वापरू नका असे कंपनीने स्वतः कळवावे. आमच्या पैशांपेक्षा ही मागणी आम्हाला महत्त्वाची वाटते. कन्व्हर्टरच्या खटक्याशेजारी ‘फक्त साध्या कॉइलच्या उपकरणांसाठी, इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लावू नये’ असे पुसले न जाणारे लेबल लावावे. खोक्यावरचे ‘कोणत्याही देशाचे उपकरण, कोणत्याही देशात’ हे वाक्य काढून माहितीपत्रक पुन्हा लिहावे. नवा मसुदा तपासायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न मिळाल्यास सर्व मोजमापांसह हे प्रकरण ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे आणि विद्युत सुरक्षा अधिकाऱ्यांकडे देऊ. फुटलेला कपॅसिटर, कन्व्हर्टर आणि उघडलेला बोर्ड आम्ही जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाला या वस्तू आमच्यासमोर कधीही तपासता येतील.

आपले,
संचाचे ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, चार वस्तूंचे फोटो, ऑसिलोस्कोपवरील वेव्हचा फोटो, मोजमापांचा कागद, दुरुस्तीचे बिल