सेल बदलण्याआधी

प्रिय मंद्या,

दिवाळीपासून तुझे दोन निरोप तसेच पडून आहेत, त्याबद्दल आधी माफी. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. आज मात्र लिहायलाच हवं. तू पाठवलेली झेल्डाची, आपल्या त्या जुन्या निन्टेंडो व्हिडिओ गेमची, सोनेरी कार्ट्रिज काल वाचून पाहिली. खेळाडूंच्या नावांत पहिल्या जागेवर चार रोमन अक्षरं अजून तशीच आहेत: डी, ए, डी, ए. दादाचा खेळ शाबूत आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आता काळजीची गोष्ट. आतला सीआर2032 सेल 2.6 व्होल्ट दाखवतोय. नवा असता तर 3 च्या थोडा वर दाखवला असता. सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, सांभाळणारी 8 केबी मेमरी साधारण 2 व्होल्टपर्यंत तग धरते. लिथियम सेल वर्षानुवर्षं एकाच पातळीवर राहतो आणि शेवटी भराभर कोसळतो, म्हणून 2.6 दिसले तरी निर्धास्त राहता येत नाही. सेल काढला की मेमरी रिकामी होते. दुकानदार 'दोन मिनिटांचं काम' म्हणतात ते तेवढ्यासाठीच, त्यात सेव्ह जाते.

म्हणून आधी नक्कल घेतली. कार्ट्रिज रीडर यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि सेव्ह उतरवली. फाइल बरोबर 8,192 बाइटची यायला हवी. ती आली, पण दुसऱ्यांदा उतरवलेली पहिलीशी जुळेना. पोटात गोळा आला. सेव्ह खराब नव्हती, कार्ट्रिजच्या पिनांवर काळपट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवून दोन्ही बाजू पुसल्या आणि दहा मिनिटं वाळू दिल्या. मग सलग तीन नकला बाइट-बाइट सारख्या आल्या. त्या तीन ठिकाणी ठेवल्यात, एक तुझ्या मेलवर आहे. ती उघडून काही बदलू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

पुढचं काम असं. खोक्याचे स्क्रू 3.8 मिलिमीटरच्या खास बिटने उघडतात, साधा पेचकस घातलास तर माथे झिजतात. जुन्या सेलच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात. त्या सेलवरून ओरबाडायच्या नाहीत, बोर्डाच्या बाजूने सोल्डर वितळवून सोडवायच्या. नवा सेल पट्ट्या लावलेलाच घ्यायचा. उघड्या सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो तापून फुटू शकतो. बोर्डावर अधिक-उणेच्या खुणा आहेत, त्या बघूनच बसवायचा. शेवटी फाइल परत चढवायची आणि पुन्हा वाचून ताडायची.

इराला एक पक्कं सांग: कन्सोल बंद करताना रीसेट दाबून धरायचं, मग पॉवर बंद. व्होल्टेज उतरतानाच्या क्षणात प्रोसेसर भरकटतो आणि सेव्हमध्ये काहीबाही लिहून बसतो. रीसेट दाबलेलं असलं की तो थांबलेला असतो. सेव्ह करायला खेळात मरावंही लागत नाही. सामानाचा पडदा उघडून दुसऱ्या कंट्रोलरवर वर आणि ए एकत्र दाबलं की सेव्हचा पर्याय येतो. पोल्स व्हॉइस, त्या लांब कानांच्या भुतांना मोठा आवाज सोसत नाही असं अमेरिकन पुस्तिकेत छापलंय. ते फॅमिकॉमपुरतं, म्हणजे याच कन्सोलच्या जपानी अवतारापुरतं खरं, तिथे दुसऱ्या कंट्रोलरला माइक होता. तुमच्या यंत्राला माइक नाही, तेव्हा ओरडून घर डोक्यावर घेण्यापेक्षा बाण मारायला सांग.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास मुख्य धून तुरतुरीत आहे, मी म्हणायचो भारदस्त आणि संथ. दादा कंटाळून टीव्ही बंद करायचा. मंद्या, आपण दोघंही बरोबर होतो! मामांचा कन्सोल अमेरिकेतला, सेकंदाला 60 फ्रेमचा, म्हणजे 60 चित्रं दाखवणारा. माझा नकली, 50 चा. संगीत चालवणारा प्रोग्राम दर फ्रेमला एक पाऊल टाकतो, म्हणून तुझ्याकडे 60 सेकंदांत संपणारा तुकडा माझ्याकडे 72 सेकंद चालतो. सूर मात्र जेमतेम एक टक्क्याने उतरतो, म्हणून वेग सोडून काही वेगळं आहे असं कळत नव्हतं.

आणि तू माझ्या यंत्राच्या आवाजाला 'नाकातला' म्हणायचास, तेही खोटं नव्हतं. सुरावट वाजवणाऱ्या पल्स चॅनलला लहरीची रुंदी, म्हणजे प्रत्येक लहरीत ती किती वेळ वर राहते ते, निवडता येते. त्यातली 25 आणि 50 टक्के ही दोन मापं अनेक नकली चिपांत उलटी बसली आहेत. 50 ला गोल वाजायला हवा तो सूर 25 ला चिरका येतो, आणि 25 चा सूर गोल होतो. सुरावट तीच, गळा बदललेला.

खरी चैन जपानी डिस्कवर आहे. 21 फेब्रुवारी 1986 ला खेळ फॅमिकॉम डिस्क सिस्टिमवर आला, आणि त्या यंत्रात एक जास्तीचा वेव्हटेबल चॅनल, म्हणजे हव्या त्या आकाराची लहर वाजवणारा आवाज आहे. सुरुवातीच्या पडद्यावर घंटेसारखा जो सूर तरंगतो तो त्याचाच, आपल्या कार्ट्रिजमध्ये तो नाही. खेळाचे संगीतकार कोजी कोंदोंना तिथे फ्रेंच संगीतकार रावेलची बोलेरो ही रचना वाजवायची होती. रावेल डिसेंबर 1937 मध्ये गेले, जपानात हक्क संपायला अजून वेळ होता. मग मुख्य धूनच नव्याने बांधून त्यांनी तिथे घातली. बरं झालं असं मला मनापासून वाटतं. डोंगर, धबधबा आणि ती धून, याच्याशिवाय तो पडदा डोळ्यांपुढे येतच नाही.

नवी नोकरी कशी आहे? घर मिळालं का? वहिनींना नमस्कार.

नकला तीन आहेत, तरी मूळ सेलला हात लावताना मन धजत नाही. मेमरीत परत चढवलेला दादा तोच दादा का, हे तू ठरव. काकूंनाही विचार. तुमचा होकार आला की रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, सेल बदलतो. तोवर कार्ट्रिज कपाटात आहे आणि मी रोज व्होल्ट मोजून तुला कळवीन.

तुझा,
शिऱ्या